वीकेंड

दोन समलिंगी पुरुषांच्या अल्पकालीन प्रेमसंबंधावरील वास्तववादी ब्रिटिश चित्रपट (२०११). लेखन, दिग्दर्शन व संकलन अँड्रू हेग (१९७३–  ) याचे असून छायालेखन ऊला पोंटिकोस हिचे आहे. टॉम कलन (रसेल) व क्रिस न्यू (ग्लेन) यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. मोठ्या चित्रपटसंस्थांच्या आश्रयाबाहेर, सु. १,२०,००० पौंड एवढ्या अल्प खर्चात, इंग्लंडमधील नॉटिंगॅम शहरात तो तयार झाला. अमेरिकेतील ऑस्टिन येथील ‘साउथ बाय साउथवेस्ट’ या महोत्सवात मार्च २०११ मध्ये तो प्रथम दाखविण्यात आला व तेथे त्यास प्रेक्षकांच्या पसंतीचे पारितोषिक लाभले.

कथानक शुक्रवारच्या रात्रीपासून रविवारच्या संध्याकाळपर्यंतचे आहे. रसेल हा जलतरण तलावावर जीवरक्षकाचे काम करतो व एका उंच इमारतीतील लहानशा घरात एकटा राहतो. त्याचे बालपण परक्या कुटुंबांच्या आश्रयाने गेलेले आहे. शुक्रवारी रात्री जेमी या बालमित्राच्या घरचे जेवण आटोपून तो समलिंगी पुरुषांच्या एका क्लबात जातो. तेथे त्याची ग्लेनशी गाठ पडते व रात्र दोघे एकत्र घालवितात. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेन त्याच्यापुढे ध्वनिमुद्रक धरतो आणि घडलेल्या गोष्टींचे वर्णन त्याच्या तोंडून मागतो. एका कलाप्रकल्पासाठी तो अशी निवेदने गोळा करीत असतो. रसेल संकोचत बोलतो. शनिवारी दोघे पुन्हा भेटतात. आपण उद्याच कलाशिक्षणासाठी दोन वर्षांकरिता अमेरिकेतील पोर्टलंडला जाणार आहोत, हे ग्लेन तेव्हा सांगतो. उरलेल्या अवधीत दोघे बोलतात, वाद घालतात व एकमेकांना ओळखू लागतात. रविवारी रेल्वेस्थानकावर त्यांची ताटातूट होते. घटना एवढ्याच आहेत.

चित्रपटाचा खरा विषय मीलन वा वियोग हा नसून बोलणे हा आहे : प्रेमाविषयी कोठे, कोणापुढे आणि किती मोठ्याने बोलता येते, हा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी आहे. या प्रश्नास ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे. १९६७ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये एकवीस वर्षांवरील पुरुषांचे परस्परसंमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. परंतु ते खासगी जागी असले पाहिजेत, अशी अट होती. १९८८ च्या एका कलमाने समलिंगी संबंधांना उत्तेजन देण्यास स्थानिक शासनसंस्थांना मनाई केली. ते कलम इंग्लंडमध्ये २००३ पर्यंत अमलात होते. रसेल व ग्लेन यांच्या पिढीचे शालेय वय याच काळातले. २००४ च्या कायद्याने समलिंगी जोडप्यांना नागरी सहजीवनाची नोंदणी करता येऊ लागली. विवाहाचा अधिकार देणारा कायदा मात्र २०१३ मध्ये झाला. चित्रपट या दोन कायद्यांच्या मधल्या काळातील आहे. अधिकार बरेचसे मिळालेले आहेत, छळ करणारा खलपुरुष कोणी नाही, मित्रही सहृदय आहेत. तरीही घराबाहेर पडताच रसेलचा आवाज खाली येतो. खासगीपणाची जी अट कायद्यातून गेली, ती मनात कशी शिल्लक राहते, हे या चित्रपटाने दाखविले आहे.

या दृष्टीने दोन नायकांच्या स्वभावांतील विरोध अर्थपूर्ण आहे. ग्लेन चारचौघांत मुद्दाम मोठ्याने बोलतो. इतरांच्या प्रेमकथा सर्वांनी मुकाट्याने ऐकाव्यात आणि आपल्या मात्र कोणी ऐकू नयेत, ही त्याची तक्रार आहे. रसेलला आपले प्रेम जगापुढे मांडायचे नाही, ते शांतपणे जगायचे आहे. तोही आपले अनुभव लिहून ठेवतो, पण स्वतःपुरते. एकाचा ध्वनिमुद्रक व दुसऱ्याची टिपणे ही एकाच गरजेची दोन रूपे होत. मात्र मोठ्याने बोलणारा ग्लेन जवळीक टाळतो, तर मूक रसेल तिला सामोरा जातो. त्यामुळे धीट कोण व भित्रा कोण, याचे उत्तर सोपे राहत नाही. आपल्या आईवडिलांना कधीही न पाहिलेल्या रसेलपुढे ग्लेन काही क्षण वडिलांची भूमिका घेतो आणि त्याला आपण समलिंगी असल्याचे सांगण्याची संधी देतो. हा प्रसंग भावविवशतेच्या अगदी काठावरचा आहे; दोन्ही नटांच्या संयमामुळे तो सावरला जातो.

तंत्राची योजनाही याच आशयाला धरून आहे. चित्रीकरण कथाक्रमानुसार झाले असल्याने दोघांमधील वाढता परिचय अभिनयात स्वाभाविकपणे उतरला आहे. घरातील संभाषणे दीर्घ, अखंड दृश्यांतून येतात व कॅमेरा पात्रांच्या निकट असतो. बाहेर मात्र तो पुष्कळदा दूर उभा राहतो. मध्ये माणसे व कठडे येतात आणि ही दोन माणसे गर्दीत शोधावी लागतात. पार्श्वसंगीताचा आधार जवळजवळ घेतलेला नाही. स्थानकावरील निरोपाच्या प्रसंगी गाड्यांच्या आवाजात त्यांचे काही शब्द बुडून जातात. शनिवारी सकाळी खोलीत ज्याचा प्रत्येक शब्द टिपला गेला, त्याच रसेलचे सर्वांत महत्त्वाचे बोलणे प्रेक्षकाला पूर्ण ऐकू येत नाही. तथापि तो ते उघड्यावर बोलतो व ग्लेनचे चुंबनही घेतो, यातच त्याच्या स्वभावातील परिवर्तन दिसते.

ब्रिटिश चित्रपटाच्या परंपरेत या कृतीचे दुहेरी नाते आहे. ॲलन सिलिटोच्या कादंबरीवरून कारेल राइसने दिग्दर्शित केलेला ‘सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग’ (१९६०) हाही नॉटिंगॅममधील एका श्रमिक तरुणाचा चित्रपट होता. सामान्य माणसाचे घर, काम व सुटीचे दिवस हा गंभीर कलेचा विषय होऊ शकतो, हे त्या पिढीने दाखविले. हेगने त्या जगात पूर्वी जागा न मिळालेल्या नायकाला आणले. स्थानकावरील निरोप डेव्हिड लीनच्या ‘ब्रीफ एन्काउंटर’ (१९४५) या चित्रपटाची आठवण करून देतो. तेथे एका परिचित स्त्रीच्या आगमनामुळे प्रेमिकांचे अखेरचे शब्द ओठांतच राहतात. येथे ते उच्चारले जातात, हा दोन चित्रपटांमधील महत्त्वाचा भेद होय.

काही उणिवाही जाणवतात. ग्लेनच्या संवादांतून मधूनमधून व्यक्तीऐवजी प्रतिपादन बोलू लागते; विवाहसंस्थेवरील वाद हे त्याचे ठळक उदाहरण होय. जेमीचा अपवाद सोडल्यास दुय्यम पात्रे पुसट राहिली आहेत. मद्य व मादक द्रव्ये यांच्या सेवनाचे चित्रण केवळ वातावरणापुरते उरते. तथापि सुखान्त वा शोकान्त यांपैकी कोणताही ठरीव शेवट न स्वीकारता मिळविलेली सच्चाई या दोषांहून मोठी आहे.

ब्रिटनमधील स्वतंत्र चित्रपटांच्या पारितोषिकांत २०११ साली या चित्रपटाला निर्मितीचे व टॉम कलन यास उदयोन्मुख कलावंताचे पारितोषिक मिळाले. इटलीत मात्र २०१६ मध्ये तो प्रदर्शित झाला, तेव्हा कॅथलिक बिशपांच्या चित्रपट-मूल्यमापन मंडळाने त्यास प्रतिकूल ठरविल्यामुळे चर्चच्या मालकीची चित्रपटगृहे त्यास मिळू शकली नाहीत व मोजक्याच ठिकाणी तो दाखविता आला. हेगच्या नंतरच्या ‘फॉर्टीफाइव्ह यीअर्स’ (२०१५) व ‘ऑल ऑफ अस स्ट्रेंजर्स’ (२०२३) या चित्रपटांतही न बोललेल्या गोष्टींचे ओझे हा विषय पुन्हा येतो. त्याची पहिली परिपक्व मांडणी ‘वीकेंड’मध्ये आढळते. अखेरीस रसेल आपल्या खिडकीपाशी उभा राहून त्या पहिल्या सकाळचे ध्वनिमुद्रण ऐकतो. ग्लेनने ते प्रदर्शनासाठी न ठेवता त्यालाच परत दिलेले असते. कलेसाठी घेतलेली साक्ष अशा रीतीने प्रेमाची ठेव बनते.