बर्फ न पडणाऱ्या गावातली गोधडी

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आजीसाठी ‘थंडी’ या विषयावर गोधडी करायचं ठरलं. शिवणार आई, भरतकाम करणार मावशीचं कम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीन, आणि फाइली बघणार मी, कारण घरातला इंजिनिअर मी. मशीन एरवी लग्नसराईत ब्लाउजच्या बाह्यांवर मोर काढतं. साकोली तालुक्यातल्या आमच्या घरी वर्क फ्रॉम होम चालू होतं, रात्री वेळ होता. मी ‘विंटर’ शोधून डिझाइनचा एक तयार संच विकत घेतला. स्नोफ्लेक, स्नोमॅन, रेनडिअर, पाइनचं झाड, लाल मोजा. बारा चौकोन आणि प्रत्येकात सुमारे पंधरा हजार टाके.

गोधडी दिसायला देखणी झाली. आजीने हात फिरवला आणि म्हणाली, “हे काहून टोचते गा?” मग घडी घालून परत दिली, “बेस हाये. पाहुण्याईसाठी ठेव.”

आमच्या घरात एखादी वस्तू पाहुण्यांसाठी ठेवली की ती वापरातून गेली असं समजायचं. आजीचं ते एक वाक्य म्हणजे त्या गोधडीचं पहिलं आणि सगळ्यात कडक परीक्षण होतं. पुढे मी लिहितोय ती त्याची फोड आहे.

टोचण्यापासून सुरुवात करू. भरतकामाची फाइल हे चित्र नसतं, ती हालचालींची यादी असते. तजिमा कंपनीच्या मशीनमुळे रूढ झालेल्या डीएसटी फाइलमध्ये प्रत्येक टाक्यासाठी फक्त तीन बाइट असतात: आडवं किती सरकायचं, उभं किती सरकायचं, आणि रंग बदलायचा की उडी मारायची. माप 0.1 मिलिमीटरचं, आणि एका वेळी जास्तीत जास्त 12.1 मिलिमीटर. मशीनला स्नोमॅन ठाऊक नसतो. तो अंगभर पांढरा दिसावा म्हणून दोऱ्याच्या ओळी साधारण 0.4 मिलिमीटर अंतराने जवळजवळ बसवाव्या लागतात. दहा सेंटिमीटर व्यासाचं एक गोल पोट असं भरायचं तर टाके जातात पाच हजारांच्या आसपास. कापड गोळा होऊ नये म्हणून खाली कडक बॅकिंग लागतं. वरून पॉलिएस्टरचा चकचकीत दोरा. अंगावर घ्यायच्या वस्तूत आपण बारा पुठ्ठे बसवले होते.

आजीच्या हातच्या गोधडीत टाका हे काम करत नाही. तिथे जुन्या लुगड्यांचे थर असतात आणि धावदोरा ते एकत्र धरून ठेवतो. दोन टाक्यांच्या ओळींमध्ये कापड किंचित फुगतं, तिथे हवा अडकते, ऊब त्या हवेची असते. टाका काढून घेतला तर गोधडीच सुटते. आमच्या गोधडीतला स्नोमॅन उसवला असता तर गोधडी जास्त ऊबदार झाली असती. जी नक्षी वस्तूच्या कामाच्या आड येते, तिला मी सजावट म्हणून तरी यशस्वी कसं म्हणू?

आता चित्रांकडे. संचातल्या स्नोफ्लेकला आठ हात होते. खऱ्या हिमकणाला सहा असतात, कारण गोठताना पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात. केप्लरने 1611 साली या सहाच्या कोड्यावर छोटं पुस्तक लिहिलं. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याने 1885 मध्ये हिमकणाचा सूक्ष्मदर्शकातून फोटो घेतला आणि आयुष्यभरात असे पाच हजारांहून जास्त फोटो काढले. आठ पाकळ्यांची चांदणी ही नॉर्वेच्या सेल्बू गावच्या विणकामातली, तिथे तिला गुलाब म्हणतात. बाजारात फिरता फिरता ती बर्फ झाली असणार. म्हणजे हा संच बनवणाऱ्यानेही बहुधा बर्फाकडे पाहिलेलं नव्हतं. त्याने आधीचे संच पाहिले होते. मीही ऑफिसात दुसऱ्याचा कोड न वाचता चिकटवतो, त्यामुळे ही चूक मला लगेच ओळखू आली.

आमच्याकडे आकाशातून पांढरं पडतं ते गारांच्या रूपात. फेब्रुवारीत गारा पडल्या की शेतातली लाखोळी, जवस, हरभरा झोपतात. आजीच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या गोळ्यांचं चित्र ठेवून आपण तिला थंडीची मजा सांगत होतो, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही.

इथे एक सोपा निष्कर्ष तयार असतो: हात खरा, मशीन खोटं. तो मला पटत नाही. आजीच्या गोधड्यांत गिरणीच्या छापील लुगड्यांवरची कुठली कुठली फुलं आहेत, ती काही भंडाऱ्यात उगवलेली नाहीत. आणि आजीची बोटं आज सुई धरू शकत नाहीत, आईचे डोळे दुखतात. मशीन नाकारायचं तर तिसरी व्यक्ती कोण शिवणार होती? मी तर नक्कीच नाही. शिवाय स्नोमॅन आईला मनापासून आवडला होता. “आपण कुठं बर्फ पाहणार, इथंच पाहू,” हे तिचं म्हणणं खोडायला माझ्याकडे आजही उत्तर नाही. न पाहिलेल्याची हौस ही काही नक्कल नव्हे. माझी तक्रार संचाबद्दल आहे, ‘थंडी’ शब्द टाकल्यावर जगभर एकच थंडी देणाऱ्या शोधाबद्दल आहे.

म्हणून मागच्या वर्षी दुसरी गोधडी केली. या वेळी फाइली मी स्वतः काढल्या. भरीव काही नाही, फक्त धावत्या रेषा, तीन-तीन मिलिमीटरचे टाके. थर आधी एकावर एक ठेवले आणि मग मशीनमध्ये धरले, म्हणजे नक्षीचाच टाका थरांना धरणार. चित्रं आमच्या थंडीची: जवसाचं पाच पाकळ्यांचं फूल, मामा तलावातल्या शिंगाड्याची दोन शिंगं, धानाचे पुंजणे, मंडईनंतर रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकाचा रंगमंच. एका चौकोनाला पंधरा हजारांऐवजी हजार-बाराशे टाके लागले. कापड बाजारातून आणलं नाही, आईने पेटीतली जुनी लुगडी काढली.

मला वाटलं, आता जमलं. माझ्या दृष्टीने हा सिद्धान्ताचा विजय होता: परक्या चिन्हांऐवजी आपली चिन्हं.

आजीने गोधडी पायांवर घेतली. जवसाचं फूल तिला ओळखू आलं नाही, तिने ते वांग्याचं ठरवलं. रंगमंचाला तिने बैलबंडी म्हटलं. मग एका निळ्या तुकड्यावर तिचं बोट थांबलं. “हे शांतीच्या पाचवीचं लुगडं हाये ना?” आईने मान हलवली. पुढचा अर्धा तास आजी एकेक तुकडा वाचत गेली. कोणतं कोणी नेसलं, कोणतं नाटक पाहताना शेकोटीच्या ठिणगीने जळलं, कोणतं आजोबांनी भंडाऱ्याहून आणलं. माझी एकही रेषा तिने वाचली नाही.

अमेरिकेतल्या अलाबामात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या 2002 मध्ये ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली, आणि रंगांचं ते कौतुक खरंही आहे. पण त्यातली मिसूरी पेटवेची 1942 ची गोधडी तिने नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कामाच्या कपड्यांतून शिवली होती. भिंतीवर टांगलेल्या त्या गोधडीत समीक्षकाला चौकोन दिसतात. घरच्यांना गुडघ्यावर विटलेली विजार दिसते.

मी ‘कोणती चिन्हं’ या प्रश्नावर अडलो होतो. बर्फ की जवस, हा वाद माझ्यासारख्यांचा, पडद्यावर थंडी शोधणाऱ्यांचा. आजीच्या लेखी पहिल्या गोधडीचा खरा दोष स्नोमॅन नव्हताच. ते कापड कोणाचंच नव्हतं. बारा चौकोन नव्या थानातले, त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती पाहुण्यांची झाली.

दुसरी गोधडी आजी रोज घेते, नक्षीची बाजू आत करून. दोऱ्याच्या गाठी खालच्या अंगाला येतात, तरी तिला तीच बाजू मऊ लागते म्हणे. यंदा आई विचारतेय, तिसरी करायची का. मी अजून मशीन उघडलेलं नाही. आधी पेटीतल्या लुगड्यांची नावं आजीकडून लिहून घेतोय. आतापर्यंत नऊ झाली आहेत.