इच्छेचे मोल : ‘होलिक’ या जपानी मालिकेविषयी

‘क्लॅम्प’ या चित्रकर्तींच्या मंडळाने २००३ साली आरंभिलेल्या चित्रकथेवरून ‘होलिक’ ही चलच्चित्रमालिका २००६ साली निघाली. भुतेखेते दिसणारा वातानुकी हा विद्यार्थी त्या दृष्टीपासून सुटका मागतो आणि तिचे मोल म्हणून यूको या चेटकिणीच्या दुकानात राबतो. तेथे इच्छा पुरी होते. परंतु मोल कमी नको, तसेच अधिकही नको, असा तिचा दंडक आहे.

भूतविद्येचा खेळ म्हणून ही मालिका बाजूस सारणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. करंगळी हलेनाशी झालेली एक स्त्री उपाय मागते, पण खोटे बोलण्याची सवय सोडीत नाही, आणि तिचा घात होतो. येथे भुतांहून सवयच भयंकर ठरते.

२००८ च्या दुसऱ्या मालिकेत विचार अधिक खोल जातो. दोमेकी या सोबत्यावरचे संकट स्वतःवर घेऊन वातानुकी उजवा डोळा गमावतो. तेव्हा दोमेकी आपली अर्धी दृष्टी त्याला देतो. मोल चुकत नाही. ते भरणारा मात्र बदलतो. पुढे वातानुकीला हेही शिकावे लागते की, आपण स्वतःला उधळले तर आपल्यावर प्रीती करणाऱ्यांस घाव बसतो. आत्मत्यागावर उपदेश करताना ही बाजू आम्ही क्वचितच मांडतो.

कृपा फुकट मिळते, असे आम्ही शिकवतो. ज्याला ती फुकट मिळते त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी मोल भरलेले असते, हे तरुणांस समजावताना हा प्रसंग उपयोगी पडावा.