बिल्हणाची चंद्रलेखा : काव्यनायिका आणि राज्ञी

कल्याणीचा चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याची राणी चंद्रलेखा ही करहाटाच्या, म्हणजे आजच्या कराडच्या, शिलाहार राजाची कन्या. बिल्हणाने ‘विक्रमांकदेवचरित’ या अठरा सर्गांच्या महाकाव्यातील आठवा सर्ग तिच्या सौंदर्यवर्णनाला व नववा तिच्या स्वयंवराला वाहिला आहे. या सर्गांवरून तिचे चरित्र सिद्ध करण्याचा मोह सहज होतो. तो कितपत रास्त आहे, हे काव्याच्या रचनेवरूनच तपासले पाहिजे.

स्वयंवराचा साचा उघडच ‘रघुवंशा’तील इंदुमतीस्वयंवराचा आहे. प्रतिहारी एकेका नृपतीचे वर्णन करते, राजकन्या त्याला ओलांडून पुढे जाते आणि अखेर विक्रमादित्याला वरते. परंतु शिलाहार हे चालुक्यांचे मांडलिक होते. मांडलिकाने आपली कन्या सार्वभौमास देणे हा त्या काळच्या राजनीतीचा नित्याचा व्यवहार. त्यासाठी दूरदूरच्या राजांची सभा भरविण्याचे प्रयोजन उरत नाही.

ते प्रयोजन काव्याचे आहे. विक्रमादित्याने आपला थोरला भाऊ दुसरा सोमेश्वर यास पदच्युत करून राज्य घेतले, त्या प्रसंगी बिल्हण प्रत्यक्ष शंकराची आज्ञा पुढे करतो. येथे स्वयंवर घडते ते पार्वतीच्या आदेशाने. राज्य आणि राणी या दोहोंची प्राप्ती अशा रीतीने दैवी ठरते. चंद्रलेखेची निवड ही तिच्या मनाची कथा न राहता विक्रमादित्याच्या श्रेष्ठत्वाची साक्ष होते.

कल्हणाची ‘राजतरंगिणी’ याच राणीकडे उलट बाजूने पाहते. काश्मीरचा राजा हर्ष (१०८९–११०१) कर्णाटनृपती पर्माडी, म्हणजे विक्रमादित्य, याची राणी चंदला हिचे चित्र पाहून मोहित होतो आणि तिच्या प्राप्तीची प्रतिज्ञा भरसभेत करतो. कल्हणाच्या लेखी हा हर्षाच्या विवेकभ्रंशाचा दाखला आहे. एका कवीने राजाचे थोरपण तिच्यावरून मोजले, दुसऱ्याने राजाचे खुळेपण. दोघांनाही राणी केवळ निमित्त होती.

तेव्हा करहाटाशी जडलेला विवाहसंबंध आणि काश्मीरपर्यंत पोहोचलेली तिची कीर्ती, एवढेच या ग्रंथांतून चरित्रासाठी घ्यावे. नवव्या सर्गाला पुरावा म्हणायचे, तर तो सत्तेच्या आत्मसमर्थनाचा पुरावा होय, विवाहविधीचा नव्हे. राज्ञी म्हणून तिचा शोध चंदलदेवी हे नाव नोंदविणाऱ्या कोरीव लेखांतच घ्यावा लागेल.