फणेरपेटीचं झाकण

आमच्या खारघरात टीका करायला विषय शोधावा लागत नाही. सिडको आहे, रस्ते आहेत, पाणी आहे. पण बायकांच्या नट्ट्यापट्ट्याच्या वस्तूंवर कुणी चार ओळी टीका लिहिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. नवरे मंडळी फक्त त्यांच्या किमतीवर बोलतात, आणि तेही हळू आवाजात.

आता आपली जुनी फणेरपेटी घ्या. लाकडी पेटी, झाकणाला आतून आरसा. झाकण उघडलं की आरसा तिरपा उभा राहतो, तो जमिनीवर बसलेल्या बाईच्या बरोबर तोंडासमोर! आत कप्पे. कपाळाला आधी मेण, मग त्यावर कुंकू, म्हणून दोन्ही हाताशी. आमच्या न्हाणीघरातला आरसा ज्यानं लावला, त्यानं हिच्याकडे शिकवणी लावायला हवी होती. त्यात मला फक्त माझं टक्कल दिसतं.

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात वज्र्या पाहा. दिनकर केळकरांनी जन्मभर जमवलेला हा संग्रह १९७५ साली सरकारच्या स्वाधीन केला. वज्री म्हणजे टाच घासायची वस्तू. पण तिच्यावरही पक्षी-प्राणी बसवलेत. टाचेचे एवढे लाड!

याउलट लिपस्टिक. फिरवली की वर येणाऱ्या नळीचं पेटंट अमेरिकेत जेम्स ब्रूस मेसन यांनी १९२३ साली घेतलं. नक्षी नाही, कप्पे नाहीत. पण हार्बरच्या लोकलमध्ये उभ्या-उभ्या लावता येते. पेटी घरात बसणारीसाठी, नळी बाहेर पडणारीसाठी.

कारागिरीत पेटीला पैकीच्या पैकी गुण. खोट एकच: झाकण बाईचं, पण त्याची किल्ली नवऱ्याच्या आयुष्याला बांधलेली. तो गेला की कुंकवाचा कप्पा बंद. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढलं. एका डबीचं झाकण उघडायला सरकारी कागद लागावा, याहून कडक टीका कुठला समीक्षक करणार?

लिपस्टिक दिसायला साधी खरी. पण ती कुणाच्या नवऱ्याची प्रकृती विचारत नाही. आजीची पेटी दिवाणखान्यात जरूर मांडा. फक्त झाकण उघडं ठेवा.