महदंबा आणि ‘आद्य’ हें विशेषण

महदंबेचे धवळे १९३५ सालीं प्रसिद्ध झाले आणि ग्रंथास ‘आद्य मराठी कवयित्री’ असें नांव देण्यांत आलें. यवतमाळच्या शारदाश्रमाचे कै. यशवंत खुशाल देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ त्यापूर्वीं दहा वर्षें निघाला होता. सांकेतिक लिपीच्या आड मठांतून राहिलेलें हें वाङ्मय ज्या थोड्यांनीं उजेडांत आणिलें त्यांत देशपांडे यांचें स्थान मोठें आहे. तें ऋण मान्य करूनच एक मतभेद नोंदवितों.

‘आद्य’ म्हटलें कीं वाचक कालक्रम ध्यानांत ठेवतो आणि काव्य विसरतो. वस्तुतः हे धवळे कसे झाले हेंच अधिक विचार करण्याजोगें आहे. रिद्धपुरास गोविंदप्रभूंस विवाहाची लहर आली. भक्तांनीं तयारी मांडली. आणि महदाइसेनें वरास शोभतील अशीं गीतें, श्रीकृष्ण-रुक्मिणीविवाहाचा विषय घेऊन, तेथल्या तेथें गाइलीं. पूर्वार्ध त्या प्रसंगाचा, उत्तरार्ध मागाहूनचा. म्हणजे या रचनेचा जन्म लेखणीखालीं झाला नाहीं, मुखांत झाला. भास्करभट्टाच्या ‘शिशुपालवधा’चे पाठभेद लेखकूचे प्रमाद समजून मूळ पाठ शोधणें योग्यच, पण धवळ्यांना तोच न्याय सरसकट लावणें आम्हांस धोक्याचें वाटतें. एखादा भेद नकलकाराचा असेल, तसा तो गाणारणीचाही असूं शकेल. असे पाठ तळटीपेंत न दडवितां महत्त्वाच्या पोथ्यांतून समग्र छापावे.

दुसरें असें कीं, महदाइसा धवळ्यांपुरती नाहीं. ‘लीळाचरित्रां’त ती श्रीचक्रधरांस पुन्हा पुन्हा प्रश्न विचारते. तिच्या जिज्ञासेवांचून किती उत्तरें उच्चारलींच गेलीं नसतीं! म्हाइंभटानें लीळा जमविल्या त्या प्रत्यक्ष पाहणाऱ्याऐकणाऱ्यांकडून. पुढें परचक्राच्या धामधुमींत मूळ पोथी नष्ट झाली आणि ग्रंथ स्मरणांतून पुन्हा उभा करावा लागला, असें पंथाची परंपरा सांगते. त्या पाठपरंपरांपैकीं एक हिराइसा या स्त्रीच्या नांवानें ओळखली जाते. १९७८ सालीं वि. भि. कोलते यांनीं सिद्ध केलेली ‘लीळाचरित्रा’ची प्रत हातीं घेणाऱ्यानें ‘हिराइसा पाठ’ हे दोन शब्द नुसती खूण समजून ओलांडूं नयेत. स्त्रीची स्मृति हें येथें संशोधनाचें साधनच आहे. ज्या चरित्रकारानें केवळ धवळ्यांवरून महदाइसा रेखाटली, त्यानें अर्धी साधनें बाहेर ठेविलीं.

संग्राहकांस एक विनंति. जुन्या दप्तरांतील लग्नगीतांच्या चोपड्या ‘बायकांचीं गाणीं’ म्हणून बाजूस टाकण्याची खोड आपणांत आहे. अशी चोपडी हातीं आल्यास ती कोठें मिळाली व कोणाच्या मुखांत ती गीतें होतीं हें तिच्यासमवेत टिपून ठेवावें, आणि तींत धवळ्यांचा माग लागतो कीं काय तें छापील प्रतीशीं ताडून पाहावें.