हजार आवाजांचा माणूस : मेल ब्लँक यांच्या वाचिक अभिनयाचे पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना

भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार मानले. रंगभूमीवर हे चारही प्रकार एकाच देहात एकवटतात. विसाव्या शतकातील नभोवाणी आणि ॲनिमेशन या माध्यमांनी मात्र वाचिक अभिनयाला देहापासून वेगळे केले. या माध्यमांत घडलेल्या कलावंतांमध्ये अमेरिकन आवाज-अभिनेते मेल ब्लँक (1908-1989) यांचे नाव अग्रभागी येते. ‘हजार आवाजांचा माणूस’ ही त्यांची रूढ ओळख. ही ओळख गौरवाची असली तरी त्यांच्या कलेचे मर्म सांगण्यास ती अपुरी आहे. किंबहुना ती संख्येकडे लक्ष वेधते आणि अभिनय झाकून टाकते. प्रस्तुत लेखात ब्लँक यांच्या कारकिर्दीचा या दृष्टीने परामर्श घेतला आहे.

नभोवाणी : श्रवणातून व्यक्तिरेखा

सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेल्या ब्लँक यांचे बालपण ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे गेले. 1927 मध्ये तेथील केजीडब्ल्यू केंद्रावरून त्यांच्या नभोवाणी कारकिर्दीस प्रारंभ झाला. 1933 मध्ये पत्नी एस्टेल यांच्यासह ते केईएक्स केंद्रावर ‘कॉबवेब अँड नट्स’ हा विनोदी कार्यक्रम करीत. थोड्या मोबदल्यात अनेक पात्रे उभी करण्याची निकड येथे होती. आवाजांचे वैविध्य हे त्यामुळे केवळ दैवी देणगीचे फळ नव्हते. ते व्यवसायाच्या गरजेतून कमावलेले कौशल्यही होते.

जॅक बेनी यांच्या कार्यक्रमात या कौशल्याला परिपक्वता आली. बेनी यांच्या जुनाट मॅक्सवेल मोटारीचा ध्वनी मुद्रिका न वाजल्यामुळे ब्लँक यांनी तोंडानेच काढला, असा किस्सा सांगितला जातो. तथापि अधिक लक्षणीय आहे तो ‘साय’ नावाच्या मेक्सिकन माणसाचा प्रसंग. बेनी यांच्या प्रश्नांना हे पात्र केवळ एकेका अक्षराची उत्तरे देते. येथे आवाजाची करामत जवळजवळ शून्य असून सारा परिणाम विरामाच्या मोजमापावर आणि निर्विकार स्वरावर अवलंबून आहे. हाच प्रसंग पुढे दूरचित्रवाणीवर, चेहरा दिसत असतानाही, तितकाच प्रभावी ठरला.

ॲनिमेशन : आवाजातील नाते

1937 मध्ये ब्लँक लिऑन श्लेसिंगर यांच्या कार्टूनपटांत दाखल झाले. त्याच वर्षीच्या ‘पोर्कीज डक हंट’मध्ये पोर्की पिग व डॅफी डक ही दोन्ही पात्रे त्यांनी साकारली, 1940 च्या ‘अ वाइल्ड हेअर’मध्ये बग्ज बनीला आवाज दिला. डॅफीचा आवाज ध्वनिमुद्रणाची गती वाढवून तयार होई. सिल्व्हेस्टर मांजराचा आवाज त्याच घडणीचा, पण गती न वाढवलेला. म्हणजे या दोन आवाजांमधील अंतर काही अंशी यंत्राने निर्माण केले होते. तरीही प्रेक्षकाला डॅफी मत्सरी आणि सिल्व्हेस्टर हताश वाटतो, तो यंत्रामुळे नव्हे. शब्दावर कोठे जोर द्यावा आणि श्वास कोठे तोडावा यातील फरकामुळे.

चक जोन्स दिग्दर्शित ‘रॅबिट फायर’ (1951) हे याचे उत्तम उदाहरण होय. त्यात बग्ज डॅफीचे सोंग घेतो आणि डॅफी बग्जचे. नट एकच, परंतु ऐकू येतो तो डॅफीचा आवाज काढणारा बग्ज आणि बग्जचा आवाज काढणारा डॅफी. मूळ पात्राचा स्वभाव नकलेच्या तळाशी शिल्लक राहतो. नकलाकार आणि नट यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

दूरचित्रवाणीने या कलेवरील भार वाढवला. ‘द फ्लिंटस्टोन्स’ (1960-1966) सारख्या मालिकांत खर्च वाचविण्यासाठी चित्रांची संख्या मर्यादित ठेवली जाई. हालचाल कमी झाली की पात्राचे चैतन्य आवाजालाच सांभाळावे लागते. ब्लँक यांचा बार्नी रबल हे काम मुख्यतः हसण्यातून करतो. 24 जानेवारी 1961 रोजी लॉस एंजेलिसमधील भीषण मोटार अपघातानंतर काही भागांत डॉस बटलर यांनी बार्नीला आवाज दिला. पुढे ब्लँक यांनी घरी अंथरुणावरूनच ध्वनिमुद्रण केले. बेशुद्धावस्थेत बग्ज बनी म्हणून हाक मारताच ते बोलले, ही कथा लोकप्रिय आहे. मात्र समीक्षेने अशा आख्यायिकेत फार गुंतू नये. ती नटाला पात्रांचे केवळ वाहन ठरवते.

श्रेय आणि स्वामित्व

आवाज कोणाचा, हा या कारकिर्दीतील कळीचा प्रश्न आहे. 1944 पासून वॉर्नरच्या कार्टूनपटांत ब्लँक यांचे नाव पडद्यावर झळकू लागले. पगारवाढ नाकारली गेल्याने त्यांनी श्रेयनाम मागून घेतले, असे ते सांगत. आवाज-अभिनेत्यांच्या प्रतिष्ठेसाठी ही घटना महत्त्वाची होती. परंतु तिची दुसरी बाजूही आहे. एल्मर फडचे मूळ अभिनेते आर्थर क्यू. ब्रायन यांचे नाव मात्र पडद्यावर येत नसे. परिणामी सर्वच आवाज ब्लँक यांचे, असा समज दृढ झाला. एकाचे श्रेय इतरांच्या अनामिकतेवर उभे राहिले, ही बाब नजरेआड करता येत नाही.

ब्लँक स्वतःही या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले. वूडी वूडपेकरचे हास्य त्यांचे होते. वॉल्टर लँट्झ यांच्याकडील काम थांबल्यावरही ते वापरले जात राहिले, म्हणून ते न्यायालयात गेले. 1949 मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. स्वतःच्या कंठातील हास्यावर नटाचा हक्क सिद्ध झाला नाही. 2023 मध्ये अमेरिकन अभिनेत्यांनी केलेल्या संपात कृत्रिम बुद्धिमत्तेने आवाजाची प्रतिकृती बनविण्याचा मुद्दा अग्रस्थानी होता. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाला अशा प्रतिकृतींपासून अंतरिम संरक्षण दिले. ब्लँक यांनी उपस्थित केलेला प्रश्न म्हणूनच इतिहासजमा झालेला नाही.

मर्यादा

साय किंवा स्पीडी गोन्झालेस यांसारखी पात्रे वांशिक साचेबंदपणावर आधारलेली आहेत. कार्टून नेटवर्कने 1999 मध्ये अमेरिकेत स्पीडीचे प्रक्षेपण थांबविले. लॅटिनो संघटनेच्याच आग्रहानंतर 2002 मध्ये तो परतला. यावरून ही पात्रे निर्दोष ठरत नाहीत. मात्र ज्यांची नक्कल झाली त्या समाजाचाही प्रतिसाद एकसुरी नसतो, हे दिसते. उच्चारावर बेतलेला विनोद कोणाच्या भाषेला हास्यास्पद ठरवतो, हा प्रश्न वाचिक अभिनयाच्या समीक्षेने टाळू नये.

समारोप

ब्लँक यांचे मोठेपण आवाजांच्या गणतीत नाही. परस्परसदृश आवाजांतून भिन्न स्वभाव उभे करणे, हे त्यांचे खरे कर्तृत्व होय. वाचिक अभिनयाला स्वतंत्र कला मानावयाचे असेल, तर तिची समीक्षा चमत्काराच्या भाषेत न करता विराम, श्वास, आघात आणि लय यांच्या भाषेत करावी लागेल. त्याचबरोबर सहकलावंत, तंत्रज्ञ व लेखक यांचे श्रेयही नोंदवावे लागेल. ज्या कलेचे घटक नेमके सांगता येतात, तिच्या कलावंताचा हक्कही अधिक नेमकेपणाने मांडता येतो.