आज्ञा कुठे पोचली?

‘ईमॅक्स’ या मजकूर-संपादकात २००७ सालच्या २२.१ आवृत्तीपासून ‘ट्रॅम्प’ ही सोय अंगभूत आहे. फाइलच्या नावाआधी दूरच्या संगणकाचा पत्ता लिहिला, की ती जवळचीच असल्यासारखी उघडते. तिथून दिलेली शेल-आज्ञाही त्या दूरच्या संगणकावर चालते. सोय खरोखर उत्तम. पण दोषही तिच्यातच दडला आहे. आज्ञा आपोआप चालवणारा प्रोग्रॅम लिहिताना ‘प्रोसेस-फाइल’ वापरले, तर काम दूर होते. ‘कॉल-प्रोसेस’ वापरले, तर आपल्याच यंत्रावर, आणि तेही निमूटपणे! खालच्या पट्टीतले ‘@’ हे चिन्ह दोन्ही वेळा तेच सांगते : फाइल दूरची आहे. समजा, आज्ञा फाइली पुसण्याची असली तर? म्हणून विद्यार्थ्यांकडून आधी ‘होस्टनेम’ ही निरुपद्रवी आज्ञा दोन्ही प्रकारे देववून पाहा. उत्तरादाखल दोन निराळ्या यंत्रांची नावे येतील. हा फरक कळल्याशिवाय पुढे जाऊ नये.